चार हातांचे प्रयोग

हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाशी बोलायचं असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही, असा सल्ला त्याच्या ओळखीतले दुसरे शास्त्रज्ञ विल्यम वुलस्टन देत असत. त्याच्या आसपास उभं राहायचं, रिकाम्या हवेला उद्देशून बोलायचं, आणि विषय त्याच्या जिव्हाळ्याचा निघाला तर तो आपण होऊन बोलू लागेल. हा तोच कॅव्हेंडिश, ज्यानं हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे ओळखलं आणि शिशाच्या गोळ्यांमधलं इवलंसं आकर्षण मोजून १७९८ मध्ये पृथ्वीची घनता सांगितली. घरातल्या नोकरांना तो काय हवं-नको ते चिठ्ठ्या लिहून कळवायचा. अनोळखी माणूस समोर आला की काढता पाय घ्यायचा. पण रॉयल सोसायटीच्या मंडळींच्या जेवणाला तो वर्षानुवर्षं नेमानं जात राहिला. त्याच्या चरित्रातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. माणसांत जावंसं त्याला वाटत नव्हतं असं कसं म्हणायचं? जायची एकच वाट त्याच्या पायांखालची होती, आणि ती प्रयोगांवरून जात होती.

ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी कॅव्हेंडिशमध्ये ऑटिझमच्या खुणा दिसतात असं लिहिलं आहे. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या माथी आजचं निदान मारायला माझं मन धजत नाही. वुलस्टन यांचा सल्ला मात्र मी जपून ठेवला आहे. शनिवारी सकाळी तो मला लागतो.

पुण्यातल्या एका छोट्या केंद्रात मी शनिवारी प्रयोग घेऊन जाते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ही मुलं भेटली. वयं तेरा ते सतरा. मिसरूड फुटलेली, आवाज फाटलेले, कोणी आईपेक्षा हातभर उंच. सगळी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आणि एक दुसऱ्यासारखा नाही. एक मुलगा भरभरून बोलतो, पण रेल्वेच्या इंजिनांबद्दलच. समोरचा ऐकतो आहे की उठून गेला आहे याची त्याला फिकीर नसते. एक मुलगी तोंडानं बोलत नाही, टॅबवर अक्षरं दाबून बोलते, आणि तिचं शुद्धलेखन माझ्या अकरावीच्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं आहे. एक जण पंख्यांचा जाणकार. खोलीत आला की आधी वर बघतो, पाती मोजतो, रेग्युलेटर कितीवर आहे ते बघतो, मगच बसतो. एकाचे हात कमालीचे स्थिर आहेत आणि शब्द मोजके. नावं लिहीत नाही. ती त्यांची आहेत.

या मुलांना लहानपणापासून माणसांत वागायचे धडे दिले गेलेले असतात. चेहऱ्यांची चित्रं असलेली कार्डं असतात: हा हसरा, हा रडवेला, हा रागावलेला. नमस्कार म्हणायचा, डोळ्यांत बघायचं, नाव विचारायचं, आपलं सांगायचं. हे धडे देणाऱ्या ताईंचे कष्ट मी दर शनिवारी बघते, आणि दुकानात सुटे पैसे मागायला, बसमध्ये कंडक्टरशी बोलायला हे धडे कामी येतात हेही बघते. पण चौदा वर्षांचा मुलगा जेव्हा माझ्यासमोर येऊन, डोळे महत्प्रयासानं माझ्या कपाळावर रोखून, ‘नमस्कार, तुमचं नाव काय, तुम्ही कशा आहात’ हे एका दमात म्हणतो आणि माझं उत्तर यायच्या आत सुटकेचा श्वास टाकतो, तेव्हा मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. त्यानं परीक्षा दिली. भेट झाली नाही. डोळ्यांत बघण्याची सक्ती तर मला अजिबात मान्य नाही. कित्येक ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी लिहून ठेवलं आहे की डोळ्यांत बघितलं की ऐकू येईनासं होतं, किंवा अंगावर येतं. म्हणजे आपण त्यांना ऐकण्याची किंमत देऊन ऐकण्याचा देखावा करायला शिकवतो.

दोन माणसांनी एकमेकांकडे बघण्याऐवजी दोघांनी मिळून तिसऱ्याच एका गोष्टीकडे बघायचं, हा रस्ता मला अधिक खरा वाटतो. आपली स्वतःची जुनी मैत्री आठवून बघावी: ती कॅरमच्या बोर्डावर जुळली, रंगीत तालमीत जुळली, गड चढताना जुळली. समोरासमोर बसून ‘चला आता मैत्री करू’ असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मग ही सवलत या मुलांनाच का नाकारायची?

आणि ती तिसरी गोष्ट विज्ञानाचा प्रयोग असेल तर आणखी एक सोय होते. चुंबकाला कोणाचा मूड नसतो. हळदीच्या पाण्यात सोडा पडला की ते लालच होणार, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. आज असं आणि उद्या तसं नाही; मोठ्यांसमोर एक आणि मागे दुसरं नाही. माणसांचे नियम ज्यांना सदा निसटते वाटतात त्यांना हा केवढा दिलासा असतो हे त्या खोलीत कळतं. हळदीचा कागद लाल झाला की हात पंखांगत फडफडवत, टाचांवर उड्या मारत जो आनंद तिथे होतो, तसा आनंद मी सबंध नोकरीत कुठल्या वर्गात पाहिला नाही.

सगळ्यांचा लाडका प्रयोग म्हणजे सेलवरची मोटर. अरविंद गुप्ता यांनी ती देशभरातल्या मुलांच्या हातात दिली. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून खेळणी करू लागले. सायकलची व्हॉल्व ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी उभे केलेले त्रिकोण-चौकोन प्रसिद्ध आहेत. पुढे आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते दशकभर हेच काम करत होते. पुण्यातल्या शिक्षकांना त्यांचं ऋण वेगळं सांगावं लागत नाही.

मोटरला सामान थोडं लागतं. दीड व्होल्टचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, एक चपटं चुंबक, आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली लॅकर चढवलेली तांब्याची तार. तार सेलभोवती दहा वेढे गुंडाळायची, वेटोळं अलगद काढून घ्यायचं, तारेची टोकं दोन बाजूंना सरळ बाहेर काढायची. ट्यूबच्या पट्टीनं पिना सेलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसवायच्या, पिनांच्या भोकांत वेटोळ्याची टोकं टेकवायची, खाली सेलवर चुंबक ठेवायचं. आणि वेटोळ्याला एक हलकी टिचकी.

सेल टेबलाला चिकटवून ठेवला तर हे सगळं एकट्याला जमतं. मी तो मुद्दाम चिकटवत नाही. सेल धरायला दोन हात लागले पाहिजेत आणि वेटोळं बसवून टिचकी मारायला दुसरे दोन. माझ्या शनिवारच्या तयारीतला बहुतेक वेळ यातच जातो: कुठला प्रयोग चार हातांशिवाय होणार नाही, आणि सोपा होत असेल तर तो दोन हातांना कसा अवघड करायचा. ‘मिळून करा’ असं मग कोणाला सांगावं लागत नाही. ते सेलच सांगतो.

पंख्यांच्या जाणकाराला स्थिर हातांच्या मुलाशी जोडला. जाणकाराचा आनंद हातांत मावत नाही, त्यामुळे त्याला सेल धरता येत नव्हता. दुसरा सेल धरून बसला तर तास न तास बसेल. जाणकारानं तार गुंडाळली, पॉलिश पेपरनं टोकांवरचं लॅकर खरवडलं. कार्डावर लिहिलं होतं की एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडायचं आणि दुसरं फक्त वरच्या बाजूनं. त्याला ते अर्धवट काम पटलं नाही. त्यानं दोन्ही टोकं लख्ख केली. टिचकी मारली. वेटोळं थरथरलं, मागेपुढे डुललं आणि थांबलं. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. त्याचा श्वास चढू लागला. अशा वेळी त्याला खोलीबाहेर न्यावं लागतं हे आम्हाला माहीत होतं, आणि ताई उठल्याही होत्या. तेवढ्यात सेल धरून बसलेला मुलगा, मान वर न करता, म्हणाला, ‘अर्धं.’

एवढंच. जाणकारानं त्याच्याकडे नाही, तारेकडे बघितलं. मग म्हणाला, ‘का अर्धं?’ दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही, कार्ड पुढे सरकवलं. नवी तार घेतली गेली, नवं वेटोळं झालं, आणि या खेपेला एक टोक अर्धंच खरवडलं. टिचकी बसली आणि वेटोळं असं सुटलं की त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या.

का अर्धं, हे मग मी फळ्यावर काढून दाखवलं. विजेचा प्रवाह असताना चुंबक वेटोळ्याला ढकलतं. वेटोळं अर्धी फेरी गेलं की त्याच्या बाजू उलटतात, आणि प्रवाह तसाच चालू राहिला तर तेच चुंबक त्याला मागे ढकलू लागतं. म्हणून उरलेली अर्धी फेरी लॅकर प्रवाह अडवतं. वेटोळं आपल्या वेगानं पुढे जातं आणि पुन्हा ढकलणं घ्यायला हजर होतं. जाणकारानं सगळं ऐकून आपल्या शब्दांत मांडलं: ‘अर्धा वेळ बंद, म्हणून फिरतं.’

पुढच्या एका शनिवारी रेल्वेवाला इंजिनांचे अश्वशक्तीचे आकडे सांगत सुटला होता आणि कोणी त्याला थांबवू शकत नव्हतं. आपली पाळी, दुसऱ्याची पाळी, याची कार्डं त्याच्यापुढे लहानपणापासून शेकडो वेळा नाचवून झाली होती. जाणकार त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, ‘तुझं अर्धं झालं. आता बंद.’ रेल्वेवाला थांबला. रागावला नाही. क्षणभर विचार करून त्यानं विचारलं, ‘बंद किती वेळ?’ ‘तेवढाच.’ आणि जाणकारानं तेवढाच वेळ पंख्यांबद्दल सांगितलं. आजही त्या खोलीत हाच नियम चालतो. कार्डांवरच्या नियमाला कारण नव्हतं. या नियमाचं कारण त्यांनी डोळ्यांनी फिरताना बघितलं होतं.

अशा मुलांमधला विज्ञानाचा ओढा बघून कोणा शिक्षकानं दार उघडावं आणि आयुष्याची दिशा ठरावी, याचं जगजाहीर उदाहरण टेंपल ग्रँडिन यांचं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंना किशोरवयात शाळेत फार छळ सोसावा लागला. सावत्र वडिलांच्या बहिणीच्या रँचवर त्यांनी गुरांना लस टोचताना आवळून धरणारा पिंजरा बघितला, त्यात गुरं शांत होतात हे टिपलं, आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की त्यांच्या मनाची तगमग थांबत असे. मोठ्यांना ते विचित्र वाटलं. यंत्र काढून घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी उलट सांगितलं: दाबानं बरं वाटतं ना, मग ते का वाटतं हे शोध, ग्रंथालयात जा, शोधनिबंध वाच. त्यांनीच तिला एम्सच्या फसव्या खोलीचं, म्हणजे सारख्या उंचीची माणसं जिथे लहानमोठी दिसतात त्या खोलीचं, कोडं घातलं, तशी खोली स्वतः बांधून दाखव म्हणाले. ग्रँडिन पुढे पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळवून प्राध्यापक झाल्या. अमेरिकेतल्या गुरांच्या हाताळणीची यंत्रणा त्यांच्या आराखड्यांनी बदलली. त्या वारंवार सांगतात की शाळेत चिडवाचिडवी होत नसे अशा जागा मोजक्याच होत्या: घोडे, खेळण्यातली रॉकेटं आणि इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे जिथे सगळ्यांची नजर कामावर होती तिथे.

कार्लॉक यांच्या वागण्यातली एक गोष्ट मला रोज आठवते. मुलीचं वेड त्यांनी बक्षीस म्हणून लटकवलं नाही, की शिक्षा म्हणून हिरावलं नाही. ‘आधी नीट बस, मग पंखा बघ’ हा सौदा आपल्याकडे सर्रास होतो. पंख्यातच बसायचं कारण आहे, आणि पंख्यातच शेजाऱ्याशी बोलायचंही, हे एकदा मान्य केलं की सौद्याची गरज उरत नाही.

अमेरिकेतच डॅनिएल लेगॉफ या मानसतज्ज्ञांनी आपल्या दवाखान्यात वाट बघत बसलेली दोन मुलं लेगोच्या नगांवरून आपसांत बोलताना पाहिली आणि त्यातून एक पद्धत उभी केली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये आला. तिघांनी एक रचना करायची. एकाकडे आराखडा, तो फक्त सांगणार. दुसऱ्याकडे सगळे नग, तो फक्त शोधून देणार. तिसरा फक्त जोडणार. मग अदलाबदल. आम्ही हीच विभागणी हळदीच्या, जास्वंदीच्या, लंबकाच्या प्रयोगांना लावतो. एक वाचणार, एक देणार, एक करणार. जास्वंदीचा अर्क लिंबानं गडद गुलाबी होतो आणि सोड्यानं हिरवा. पण वाचणाऱ्यानं ‘दोन थेंब’ म्हटल्याशिवाय देणाऱ्यानं ड्रॉपर द्यायचा नाही. टॅबवर बोलणारी मुलगी वाचणारी होते तेव्हा तिचे शब्द येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं. आणि ती थांबतात. जगात बाहेर तिच्यासाठी कोणी थांबत नाही. दुकानदार नाही, नातेवाईक नाही, डॉक्टरसुद्धा तिच्या आईकडे बघून तिची चौकशी करतात. इथे तिच्या बोटांखालून वाक्य पुरं होईपर्यंत दोन मुलगे हात आखडून उभे असतात, कारण त्या वाक्याशिवाय रंग बदलणार नाही.

खोलीची तयारी हाही प्रयोगाचाच भाग असतो. फुगे मी कधीच नेत नाही. फुटण्याच्या भीतीनं काही जण आत पाऊल ठेवत नाहीत. व्हिनेगरचा वास ज्यांना सोसत नाही त्यांना खिडकीजवळची जागा. गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद. आज काय होणार ते क्रमानं फळ्यावर चित्रांत, आणि वेळ संपायच्या आधी दोनदा सूचना. खोलीच्या कोपऱ्यात एक सतरंजी असते, तिथे जाऊन बसलेल्याला कोणी काही विचारायचं नाही.

सावल्यांचा प्रयोग डिसेंबरात करतो, गच्चीवर. पुण्यात त्या दिवसांत भरदुपारीही सावली आपल्या उंचीपेक्षा थोडीच कमी असते. मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो तेव्हा ती पायांखाली नाहीशी होते. एकानं स्थिर उभं राहायचं, दुसऱ्यानं खडूनं त्याच्या सावलीची कड आखायची. एका मुलीला कोणाचा स्पर्श चालत नाही, चुकून धक्का लागला तरी ती किंचाळते. तिची सावली आखायला मी त्या स्थिर हातांच्या मुलाला सांगितलं. तो गुडघ्यांवर बसून तिच्या केसांच्या बटा, ओढणीचं टोक, हाताची बोटं एकेक करून आखत गेला. ती ताठ उभी. खडू सावलीच्या बोटांपाशी आला तेव्हा तिनं बोटं अधिक फाकवली, त्याला नीट आखता यावीत म्हणून. मग जागा बदलल्या, आणि ‘हलू नको, हलू नको’ असं ती त्याला इतक्यांदा बजावू लागली की त्याची आई जिन्यात उभी राहून हसत होती.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची हकिकत लिहून ऑटिझमला वैद्यकाच्या नकाशावर आणलं. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. गोल फिरू शकेल अशी कुठलीही वस्तू तो फिरवत बसे. मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात तो वाढला, घरच्यांच्या बँकेत काम केलं, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी फिरला, आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन गेला. जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर या पत्रकारांनी त्याच्यावर लिहिलं आहे, त्यावरून दिसतं की गावानं त्याला जसा होता तसा आपला मानला. डोनाल्ड किती शिकला याइतकंच गाव काय शिकलं हेही महत्त्वाचं आहे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये हेच नेमकेपणानं मांडलं: समजून घेण्याची अडचण दोन्हीकडून आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणताना इतरांनाही त्याचं वाचता येत नाही, हे आपण मोजतच नाही. एडिंबरामध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला गोष्ट सांगत नेण्याचा प्रयोग केला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. आमच्या शनिवारच्या खोलीत वावरलेल्या कोणालाही याचं नवल वाटणार नाही.

म्हणून आम्ही अलीकडे जवळच्या शाळेतली आठवी-नववीची काही मुलंही बोलावतो. मदतनीस म्हणून नाही, जोडीदार म्हणून. त्यांना मी आधी वुलस्टन यांचा सल्ला सांगते: तोंडाकडे बघत बसू नका, कामाकडे बघा, उत्तर उशिरा आलं तर प्रश्न पुन्हा विचारू नका, हात फडफडले तर समजा की प्रयोग आवडला. या मुलांना शिकायला वेळ लागत नाही. मोठ्यांना लागतो.

सगळं सुरळीत होतं असं नाही. एक मुलगा अजून पूर्ण वेळ सतरंजीवरच असतो, पाठ भिंतीला टेकवून, हेडफोन लावून. त्यानं मोटर केलेली नाही, सावली आखलेली नाही. तो दर शनिवारी येतो. त्याची आई सांगते की शुक्रवारी रात्री तो स्वतःची पिशवी दारात आणून ठेवतो. कॅव्हेंडिशच्या त्या जेवणांचा मी इतका विचार का करते ते या मुलाकडे बघून कळेल. आणि प्रत्येक पालकाच्या पोटात एकच प्रश्न असतो, तो अठराव्या वर्षानंतरचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ऑटिझमचा नावानिशी समावेश केला, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही तो होता. पण शाळा संपल्यावर दिवस कुठे आणि कोणाबरोबर जाणार हे कायदा सांगत नाही. मोटर वाइंडिंगचं दुकान, रोपवाटिका, मोजमापाची प्रयोगशाळा, अशी कामं जिथे नजर कामावर असते, तिथे या मुलांना जागा मिळायला हवी. ती मागायला आपण कमी पडतो आहोत असं मला फार वाटतं.

गेल्या शनिवारी लंबक होता. एक मीटर दोरी, टोकाला लोखंडी नट, २० हेलकाव्यांना किती सेकंद. एकानं मोजायचं, एकानं घड्याळ दाबायचं. जाणकार आणि स्थिर हातांचा मुलगा यांचं उत्तर ४०.२ आलं. रेल्वेवाला आणि टॅबवाली यांचं ३८.२. दोन सेकंदांचा फरक! रेल्वेवाला खवळला. आमचं बरोबर, रेल्वे वेळेवर सुटते. जाणकार म्हणाला, दोरी सारखी, नट सारखा, तुमचं चूक. मी काही बोलले नाही, ताईंनाही खुणेनं थांबवलं. दोघे मुलगे पहिल्यांदाच आपलं टेबल सोडून एकमेकांच्या टेबलाशी गेले आणि दुसरा कसा मोजतो ते बघत उभे राहिले. टॅबवालीची बोटं चालू झाली. सगळे थांबले. टॅबमधून आवाज आला: ‘तू सोडताना एक म्हणतोस. शून्य म्हण.’

रेल्वेवाल्यानं दोरी ओढली, सोडली, आणि सबंध इमारतीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, ‘शून्य!’

४०.१ आलं. मग पुन्हा करायचं ठरलं, कारण ४०.२ का नाही. एव्हाना दाराशी पालक जमले होते, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, रिक्षा थांबवून आलेले. रेल्वेवाल्याच्या आईनं त्याला हाक मारली, ‘चल रे, उशीर होतोय.’ त्यानं लंबकावरची नजर काढली नाही. ‘थांब. पंचवीस सेंटिमीटरचा राहिलाय,’ तो म्हणाला, ‘आणि हिला टॅब धरायचाय, हात कमी आहेत. तू घड्याळ घे, आई.’